युद्धखेळातल्या अवचित ऐतिहासिक घटना: आधी अट, मग फासा

दुसऱ्या महायुद्धावर टर्नवार चालणारा स्ट्रॅटेजी गेम करायला घेतला, की घटनांच्या बाबतीत बहुतेक नवखे एकच वाट धरतात. महायुद्धाची तारीखवार जंत्री उघडायची, त्यातल्या सत्तर-ऐंशी ठळक गोष्टी उचलायच्या आणि प्रत्येकीला दर टर्नला दोन टक्के शक्यता देऊन टाकायची. मग पहिल्याच खेळात, उत्तर आफ्रिकेत इटलीची सरशी होत असताना मुसोलिनीची हकालपट्टी होते आणि खेळाडू कपाळाला हात लावतो.

दुसरी वाट याच्या अगदी उलटी: प्रत्येक घटना तिच्या खऱ्या तारखेला. तिथे अडचण अशी, की या खेळांचे खेळाडू इतिहास पाठ करून बसलेले असतात. २२ जून १९४१ ला जर्मनी चढाई करणार हे माहीत असलेला सोव्हिएत खेळाडू २१ जूनला सीमा रिकामी करून नद्यांमागे तळ ठोकतो. ती घटना त्याच्यासाठी रेल्वेचं वेळापत्रक होते.

या दोन्हींमधून निघायचं तर घटना का आणि कुठे घडेल हे पटावरच्या परिस्थितीने ठरवायचं. कधी आणि किती जोरात, एवढंच फाशावर सोडायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

## १. आधी जमवायचं सामान

- तारखांची जंत्री. टर्न आठवड्याचा असेल तर नेमका दिवस हवा, महिन्याचा असेल तर महिना पुरतो. टर्नची लांबी ठरण्याआधी घटना लिहायला बसू नका. सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात.
- एक स्प्रेडशीट. रकाने: आयडी, कालावधी (कोणत्या टर्नपासून कोणत्या टर्नपर्यंत), अटी, शक्यता, परिणाम, परिणामाची मुदत, एकदाच की पुन्हा, कोणत्या घटनेबरोबर चालणार नाही, कधी रद्द होईल, खेळाडूला दिसणारा मजकूर.
- नकाशावरच्या प्रदेशांची, शहरांची आणि फ्लॅगची (‘अमुक घडलं का’ याच्या हो-नाही खुणांची) पक्की नावं. ही यादी नंतर बदलली की निम्म्या घटना गुपचूप मरतात, आणि गेम कसलीही एरर दाखवत नाही.
- सीड (सुरुवातीचा आकडा) देता येणारा रँडम नंबर जनरेटर; सीड तोच दिला की फासेही तेच पडतात.
- घटना ठेवायला कोडबाहेरची साधी डेटा फाइल. संतुलनासाठी आकडा बदलताना दर वेळी प्रोग्राम पुन्हा बिल्ड करावा लागला, तर तुम्ही आकडे बदलणंच सोडून द्याल.
- टेबलावरचा बोर्ड गेम असेल तर सहा बाजूंचे दोन फासे, कोरे पत्ते आणि पेन्सिल. शाई नको.

## २. यादी कापा

जंत्रीतून आलेल्या प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा.

हे खेळाडूच्या हातातलं आहे का? पर्ल हार्बरवरचा हल्ला हा जपानी खेळाडूचा निर्णय आहे. स्टालिनग्राडला सहावी जर्मन सेना शरण गेली तो वेढ्याचा आणि तुटलेल्या रसदेचा परिणाम आहे, आणि तो तुमच्या लढाईच्या नियमांमधूनच निघायला हवा. अशा गोष्टी घटना म्हणून लिहिल्या, की नियमांनी करायचं काम पॉप-अप करू लागतो. नियम कच्चे असल्याची ही पहिली खूण.

याने पटावर काही हलतं का? १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. बातमी प्रचंड मोठी, पण चालू आघाड्यांवर तिने काही फिरलं नाही. अशा गोष्टी बातम्यांच्या पट्टीत एका ओळीत द्या. खेळ थांबवणारी चौकट त्यांना देऊ नका.

एकाच फाशाने खेळ संपतो का? ८ नोव्हेंबर १९३९ ला म्युनिकच्या बियर हॉलमध्ये बॉम्ब फुटला, तेव्हा हिटलर जेमतेम तेरा मिनिटांपूर्वी तिथून निघालेला होता. ‘तो थांबला असता तर’ हे लिहायचा मोह कुणालाही होईल. पण चार तास मांडलेला डाव दुसऱ्या टर्नला एका नाण्यावर उडाला, तर खेळाडू परत येत नाही. हत्येच्या कटांसाठी वेगळा ऐच्छिक मोड ठेवा. मुख्य खेळात हव्याच असतील, तर त्यांचा परिणाम ‘तीन टर्न राजकीय गोंधळ’ एवढ्यावर आणा.

ऐंशीतल्या पंचवीस-तीस उरल्या तर कापणी बरोबर झाली. पंचेचाळीस उरल्या, तर दुसरा प्रश्न तुम्ही मायेने विचारला आहे.

## ३. अट लिहा

बहुतेक वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. इटलीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळं आहे.

इतिहासात क्रम असा होता: १३ मे १९४३ ला ट्युनिशियात अक्ष राष्ट्रांची फौज शरण गेली, १० जुलैला दोस्त राष्ट्रं सिसिलीत उतरली, १९ जुलैला रोमवर बॉम्ब पडले, २५ जुलैला मुसोलिनीला हटवलं गेलं, ३ सप्टेंबरला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या आणि ८ सप्टेंबरला ती जाहीर झाली. १३ ऑक्टोबरला इटलीने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं.

यातल्या तारखा बाजूला ठेवा आणि कारणं उचला. महिन्याच्या टर्नला ती अशी मांडता येतील:

- मूळ शक्यता: ०. इटली युद्धात आहे एवढ्यावर सरकार पडत नाही.
- उत्तर आफ्रिकेतलं शेवटचं अक्ष बंदर गेलं: +६ टक्के.
- सिसिलीत दोस्तांचं एकतरी बंदर: +१५ टक्के.
- गेल्या दोन टर्नमध्ये रोमवर हवाई हल्ला: +१० टक्के.
- इटालियन आरमार निम्म्याहून कमी उरलं: +४ टक्के.

सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर दरमहा ३५ टक्के होतात आणि तीन महिन्यांत घटना घडण्याची शक्यता साधारण ७२ टक्क्यांवर जाते. मात्र जर्मन खेळाडूने ट्युनिस सोडलंच नाही, तर ती शून्यावर राहू शकते. दोन्ही बाजूंना आता ठाऊक असतं, की सिसिलीत उतरण्याला जमिनीपलीकडे काही मोल आहे. घटनेमुळे खेळाडूची रणनीती बदलली, म्हणजे अट नीट जमली.

जर्मन डिव्हिजन या यादीत नाहीत हे बघा. इटलीत जर्मन फौज किती आहे यावर सरकार पडेल की नाही हे ठरवू नका. पडल्यावर काय होईल हे ठरवा. फौज मोठी असेल तर इटालियन सैन्य निःशस्त्र होऊन उत्तरेचा ताबा जर्मनीकडे जातो, लहान असेल तर अख्खा देश हातचा जातो. घटना घडवणारे घटक आणि तिचा शेवट ठरवणारे घटक हे दोन वेगळे रकाने आहेत. ते एकत्र झाले की आकडे कधीच जुळत नाहीत.

अटी लिहिताना हमखास होणारे घोटाळे:

एकमेकींना छेद देणाऱ्या अटी. ‘पॅरिस जर्मनीकडे’ आणि ‘फ्रान्स युद्धात’ या अटी वेगवेगळ्या वाचल्या तर रास्त वाटतात. पण तुमच्या खेळात पॅरिस पडताच फ्रान्स शरण जात असेल, तर ती घटना जन्मात घडणार नाही.

तारखेला चिकटलेली अट. ‘जून १९४३ नंतर’ ही अट म्हणून चालत नाही. कालावधी फक्त बाहेरचं कुंपण म्हणून ठेवा आणि तो सैल ठेवा: खऱ्या तारखेच्या आधी सहा-आठ महिने, नंतर तितकेच.

रद्द होण्याची अट विसरणं. नॉर्वे आधीच मुक्त झालेला असताना नॉर्वेतल्या प्रतिकाराची घटना उगवणं, हा या प्रकारच्या खेळांमधला सगळ्यात जास्त दिसणारा बग असावा.

## ४. शक्यतेचा हिशेब

दर टर्नला ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. २४ टर्नमध्ये तेच ७१ टक्के होतं. म्हणून उलटीकडून सुरुवात करा: पूर्ण कालावधीत ही घटना किती खेळांमध्ये दिसायला हवी ते ठरवा आणि त्यावरून दर टर्नचा आकडा काढा.

- निम्म्या खेळांत दिसावी: ६ टर्नचा कालावधी असेल तर दर टर्न सुमारे ११ टक्के, १२ टर्नचा असेल तर ५.६, २४ टर्नचा असेल तर २.८.
- पाचातल्या चार खेळांत दिसावी: ६ टर्नला २३.५, १२ टर्नला १२.६, २४ टर्नला ६.५ टक्के.

स्प्रेडशीटमध्ये सूत्र टाकायचं तर एकातून हवी ती एकूण शक्यता वजा करा, उरलेल्या आकड्याचं टर्नच्या संख्येइतकं मूळ काढा आणि ते पुन्हा एकातून वजा करा.

आता एक बारकावा, जो बरेच जण चाचणीपर्यंत पाहत नाहीत. दर टर्नला शक्यता सारखीच ठेवली, तर घटना घडण्याचा सगळ्यात संभाव्य टर्न पहिलाच असतो. दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. त्यामुळे कालावधी उघडला रे उघडला की घटना धडाधड कोसळतात आणि उत्तरार्ध कोरडा जातो. यावर उपाय म्हणजे चढती शक्यता: पहिल्या टर्नला २ टक्के, मग ४, ६, ८ असं वाढवत न्या. यात सर्वाधिक संभाव्य टर्न सातवा येतो, आठ टर्नमध्ये एकूण शक्यता ५३ टक्के होते आणि दहा टर्नमध्ये ६९. साठत जाणारा असंतोष, ढासळणारं मनोबल, खालावत जाणारी कोठारं अशा गोष्टींना हाच आकार शोभतो. अपघातांना मात्र सपाट शक्यताच ठेवा, कारण अपघात साठत नाही.

दुसरा सापळा गर्दीचा. ४० घटना, प्रत्येकी २ टक्के, सगळ्या पात्र आहेत असं धरा. दर पाच टर्नपैकी जवळपास एका टर्नला दोन किंवा अधिक घटना एकदम येतील. खेळाडू तिसरी चौकट न वाचता बंद करतो. म्हणून वर एक नियंत्रक बसवा: एका टर्नला एकच मोठी घटना, बाकीच्या रांगेत. रांगेतली घटना बाहेर काढताना तिची अट पुन्हा तपासायला विसरू नका. मधल्या टर्नमध्ये शहर हातचं गेलेलं असू शकतं.

टेबलावर दोन फाशांची बेरीज वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बारा पडण्याची शक्यता २.८ टक्के, अकरा किंवा जास्तची ८.३, दहा किंवा जास्तची १६.७, नऊ किंवा जास्तची २७.८. म्हणजे ‘+१’ हा बोनस बाराच्या घटनेची शक्यता तिप्पट करतो, आणि दहाच्या घटनेची दुप्पटही करत नाही. सगळ्या घटनांना सरसकट सारखे बोनस देऊ नका.

## ५. परिणामाचं माप

सगळे परिणाम एकाच चलनात मोजा. ते चलन म्हणजे त्या देशाचं एका टर्नचं उत्पादन. किरकोळ घटना ५ टक्क्यांची, मध्यम १० ते १५, मोठी २५. त्यापुढचं काही हवं असेल तर ती राजकीय घटना असावी आणि तिला किमान एका टर्नची पूर्वसूचना असावी: गुप्त वाटाघाटींची कुणकुण, मंत्र्याचा राजीनामा, सीमेवरची हालचाल. पूर्वसूचना मिळालेला तोटा खेळाडू पचवतो. आकाशातून पडलेल्या तोट्यावर तो चिडतो, मग तो कितीही इतिहासाला धरून असो.

मुदत लिहिल्याशिवाय परिणाम पुरा होत नाही. ‘मनोबल −१०’ हे कायमचं की चार टर्नचं? मुदत नसलेले परिणाम साठत जातात आणि १९४४ पर्यंत एखाद्या देशाचं उत्पादन उणे होतं. टक्केवारी एकमेकींत मिळवायची की गुणायची, तेही आधी ठरवा. २० टक्के वाढीचे दोन परिणाम मिळवले तर ४० होतात, गुणले तर ४४; असे पाच जमले तर फरक १०० आणि १४९ असा होतो. मिळवणंच बरं, कारण खेळाडूलाही तोंडी हिशेब जमतो.

अपघातांचे परिणाम स्थानिक ठेवा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाचा स्फोट झाला. त्याच जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. इटलीतल्या बारी बंदरात २ डिसेंबर १९४३ च्या जर्मन हवाई हल्ल्यात दाटीने उभी असलेली जहाजं एकामागून एक पेटली. दोन्हींची कारणं पटावर मोजता येतात: बंदराच्या क्षमतेपेक्षा जास्त जहाजं, दारूगोळ्याची वाहतूक, आणि बारीच्या बाबतीत ढिलं हवाई संरक्षण. ‘बंदरात स्फोट’ ही घटना जगातल्या कुठल्याही बंदरावर टाकण्याऐवजी क्षमतेच्या ८० टक्क्यांवर भरलेल्या बंदरांवरच टाका. परिणामही त्याच बंदराला: चार टर्न क्षमता निम्मी, उभ्या जहाजांपैकी काही नष्ट. अख्ख्या देशाच्या उत्पादनाला हात लावू नका.

## ६. हवामान वेगळं ठेवा

हवामानाला घटनांच्या पोतडीत टाकू नका. त्याला स्मृती असते: आज चिखल असेल तर पुढच्या आठवड्यातही बहुधा चिखलच असतो. म्हणून प्रत्येक हवामान-विभागासाठी ‘आता काय आहे, पुढे काय होईल’ असा तक्ता करा.

मॉस्कोसमोरच्या आघाडीचा शरद ऋतू, टर्न आठवड्याचा:

- कोरडं असेल तर: ६० टक्के कोरडंच, ४० टक्के चिखल.
- चिखल असेल तर: ८० टक्के चिखल, १५ टक्के गोठण, ५ टक्के कोरडं.
- गोठण असेल तर: ९० टक्के गोठण, १० टक्के पुन्हा चिखल.

यात चिखल सरासरी पाच आठवडे टिकतो. १९४१ मध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत साधारण तसंच झालं होतं. पण एखाद्या खेळात चिखल दोनच आठवड्यांत आवरतो आणि सोव्हिएत खेळाडूची पाचावर धारण बसते. हे तक्ते विभागवार ठेवा. मॉस्कोचा चिखल लिबियात रणगाडे अडवताना दिसला तर अंदाज कुणीही घेऊ शकतो, की तुम्ही एकच जागतिक फ्लॅग वापरला आहे.

समुद्री स्वाऱ्यांसाठी हवामान हा जुगार असावा, पण आधी दिसणारा. नॉर्मंडीची स्वारी ५ जून १९४४ ला ठरली होती, ती हवेपायी एक दिवस पुढे गेली. आणखी पुढे ढकलली असती तर भरती-ओहोटीचा जुळणारा मेळ साधारण दोन आठवड्यांनी आला असता, आणि १९ ते २२ जूनच्या वादळाने तर ओमाहा किनाऱ्यासमोरचं अमेरिकनांचं कृत्रिम बंदर मोडून टाकलं. खेळाडूला अंदाज दाखवा (‘उद्या ४० टक्के शांत, परवा ३०’), आणि थांबायचं की निघायचं हे त्याच्यावर सोडा. अंदाज न दाखवता वादळ आणलं, तर तो नुसता दंड होतो.

## ७. साखळ्या

एका घटनेतून दुसरी निघते तिथे दोन घटनांमध्ये फ्लॅग आणि उशीर ठेवा. युगोस्लाव्हियाने २५ मार्च १९४१ ला जर्मनी-इटली-जपानच्या त्रिपक्षीय करारावर सही केली, २७ मार्चला बेलग्रेडमध्ये सत्तापालट झाला, ६ एप्रिलला जर्मनीने आक्रमण केलं. खेळात याचे तीन दुवे होतात: करार, सत्तापालट (करारानंतर दोन टर्नच्या आत, चढती शक्यता), आणि जर्मन खेळाडूपुढे निवड: आक्रमण करायचं की दबाव टाकून थांबायचं. निवडीचे दोन्ही पर्याय खरोखर विचार करायला लावणारे हवेत. चाचणीत ९० टक्के खेळाडू एकच पर्याय घेत असतील तर ती निवड राहिलेली नाही. दुसरा पर्याय सुधारा किंवा निवडच काढून टाका.

चौथा दुवा लिहिण्याचा मोह आवरा: ‘बाल्कन मोहिमेमुळे रशियावरची स्वारी पाच आठवडे पुढे गेली’. स्वारीची तयारी आधी १५ मेच्या सुमारास पूर्ण व्हायची होती आणि ती निघाली २२ जूनला हे खरं, पण त्यात बाल्कनचा वाटा किती आणि त्या वसंतात फुगलेल्या नद्यांचा किती यावर इतिहासकारांचं एकमत नाही. जिथे कारणाबद्दल वाद आहे तिथे घटनेने निकाल देऊ नये. डिव्हिजन बाल्कनमध्ये गेल्या तर त्यांना परत यायला रेल्वेचे टर्न लागतील. एवढा नियम पुरतो आणि उशीर आपोआप लागतो, किंवा लागत नाही.

साखळी तीन-चार दुव्यांपेक्षा लांबवू नका. प्रत्येक दुवा ६० टक्क्यांचा धरला तर चौथ्यापर्यंत १३ टक्केच खेळ पोचतात. तिथे लिहिलेला सुंदर मजकूर कुणी वाचत नाही.

## ८. माहितीच्या घटना

या प्रकाराकडे दुर्लक्ष होतं. खरं तर पटावर एकही आकडा न बदलता सगळ्यात जास्त मजा आणणाऱ्या घटना याच.

१० जानेवारी १९४० ला धुक्यात वाट चुकलेलं एक छोटं जर्मन विमान बेल्जियममध्ये उतरलं आणि पश्चिमेकडच्या स्वारीचे कागद अर्धवट जळालेल्या अवस्थेत बेल्जियनांच्या हाती लागले. हे कागद खरे की मुद्दाम टाकलेले, हा प्रश्न तेव्हाही पडला होता. खेळात हे असं करा: बचाव करणाऱ्याला शत्रूच्या दोन-तीन कोअरची (काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या तुकड्यांची) जागा दाखवा, पण ती माहिती ७० टक्के वेळा खरी असू द्या. हल्लेखोराला फक्त एवढं सांगा, की काहीतरी फुटलं आहे. आता आराखडा बदलण्याचा खर्च करायचा की नाही, हे त्याचं त्याने बघावं.

एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राबाबतही ‘कोड फुटला, +२०’ असं लिहू नका. १ फेब्रुवारी १९४२ ला अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी चार चाकांचं यंत्र वापरायला सुरुवात केली आणि ब्रिटिशांना त्यांचे संदेश वाचता येईनासे झाले. ते डिसेंबरात पुन्हा वाचता आले, ते ३० ऑक्टोबरला बुडत्या यू-५५९ मधून बाहेर काढलेल्या कागदांमुळे. इथे अट आयती हाती येते: पाणबुडी बुडण्याआधी पृष्ठभागावर आली आणि जवळ विनाशिका होती, तर कागद मिळण्याची लहानशी शक्यता. दुसऱ्या बाजूला, दोस्त खेळाडूने मिळालेल्या माहितीवर फारच अचूक हल्ले केले, तर जर्मनीला यंत्र बदलण्याची शक्यता वाढत जाते. फायदा जास्त उपसला की तो आटतो, म्हणून वेगळा तोल साधावा लागत नाही.

## ९. मजकूर, आणि कुठे हात आखडायचा

चौकटीत पन्नास-साठ शब्द पुरे. आधी काय झालं, मग आकड्यांत परिणाम, मग निवड. ‘रसदेवर विपरीत परिणाम होईल’ असं लिहू नका. ‘दक्षिण आघाडीची रसद ३ टर्न −१५ टक्के’ असं लिहा. आणि घटना का घडली तेही दाखवा: ‘सिसिलीतलं बंदर गेलं +१५, रोमवर हल्ला +१०’. ही यादी दिसू लागली की ‘गेम चीटिंग करतो’ ही तक्रार बरीच कमी होते.

नरसंहार, दुष्काळ, युद्धकैद्यांचे हाल यांना ‘निवडा आणि उत्पादन वाढवा’ अशी बटणं कधीही देऊ नका. बंगालचा १९४३ चा दुष्काळ ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून फाशावर टाकणं इतिहासालाही सोडून आहे. १६ ऑक्टोबर १९४२ चं मेदिनीपूरचं चक्रीवादळ ही फाशाची गोष्ट होती. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होणं, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून होड्या काढून घेणं, भडकलेल्या किमती आणि उशिरा पोचलेली मदत या गोष्टी युद्धातून आणि निर्णयांमधून आल्या. वादळ घटना म्हणून ठेवा. उपासमार धान्य, वाहतूक आणि खेळाडूच्या निर्णयांच्या नियमांतून येऊ द्या. तेवढे नियम तुमच्या खेळात नसतील तर तो विषय बाजूला ठेवणं बरं.

## १०. कोडमध्ये बसवताना

सीड सेव्ह फाइलमध्ये जपा. तसं न केल्यास खेळाडू वाईट घटना आली की मागची सेव्ह उघडतो आणि मनासारखं होईपर्यंत टर्न संपवत राहतो.

घटनांसाठी आणि लढाईसाठी रँडम आकड्यांचे दोन स्वतंत्र प्रवाह ठेवा. प्रवाह एकच असला तर एक नवी घटना घातल्यावर पुढच्या सगळ्या लढायांचे निकाल बदलतात, आणि कालचा बग आज पुन्हा घडवून बघता येत नाही.

यादी वरून खाली तपासत पहिली जुळलेली घटना घेऊ नका. तसं केलं तर आयडी अकारविल्हे लावलेल्या यादीत अफगाणिस्तान नेहमी जिंकतं. आधी सगळ्यांची शक्यता तपासा, लागलेल्या सगळ्या गोळा करा, मग त्यातून वजनानुसार एक निवडा.

एआयला प्रत्येक निवडीसाठी वजनं द्या, आणि घटनेनंतर त्याला नव्याने आखणी करायला भाग पाडा. इटली गेली तरी तिथल्या बंदरांतून रसद पाठवत राहणारा एआय हा घटनांचा दोष म्हणून गणला जातो, जरी चूक त्याच्या नियोजनात असली तरी.

## ११. चाचणी

एआयविरुद्ध एआय असे किमान २०० खेळ रात्रभर चालवा. ५० खेळांत निम्म्या वेळा दिसलेल्या घटनेच्या आकड्यात १४ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. २०० मध्ये ते ७ वर येतं. लॉगमध्ये सीड, टर्न, आयडी, अट पुरी झाली का, शक्यता किती होती, फासा किती पडला, पर्याय कोणता घेतला हे सगळं हवं.

मग हे बघा:

- अट एकदाही पुरी झाली नाही: नावातली चूक किंवा परस्परविरोधी अटी.
- अट पुरी होते, पण घटना ५ टक्क्यांहून कमी खेळांत दिसते: शक्यता वाढवा किंवा घटना काढा.
- ९५ टक्क्यांहून जास्त खेळांत दिसते: तो नियम आहे, तो नियमपुस्तिकेत लिहा.
- कालावधीच्या पहिल्या दोन टर्नमध्ये निम्म्याहून जास्त वेळा: चढती शक्यता लावा.

घटनेने खेळाचा निकाल किती झुकतो हे मोजताना एक चूक हटकून होते. ‘इटली पडली त्या खेळांत दोस्त ८० टक्के जिंकले, म्हणजे घटना फार जबर आहे’ हा निष्कर्ष फसवा आहे. दोस्त जिंकत होते म्हणूनच तर इटली पडली. खरं माप काढायला तेच १०० सीड दोनदा चालवा, एकदा घटना बंद ठेवून आणि एकदा अट पुरी होताच सक्तीने घडवून. दोन्हींमधल्या विजयांचा फरक हे त्या घटनेचं वजन. एका घटनेने १० टक्क्यांहून जास्त विजय इकडचे तिकडे होत असतील, तर आधी परिणामाची मुदत कमी करा. शक्यतेला शेवटी हात लावा. परिणाम तसाच ठेवून शक्यता कमी केली तर घटना क्वचित येते, पण येते तेव्हा डाव तितकाच उधळते.

गेम लोकांच्या हाती गेल्यावर काढून टाकलेल्या घटनेचा आयडी दुसऱ्या घटनेला कधीच देऊ नका. जुन्या सेव्ह फाइलमध्ये तो आयडी ‘घडून गेली’ असा नोंदलेला असतो, आणि नवी घटना तिथे कायमची मुकी होते. काढलेले आयडी स्प्रेडशीटमध्ये वेगळ्या पानावर, काढल्याच्या कारणासह ठेवा.